दप्तर, डबा आणि लाज

जून महिना उजाडला, मृगाच्या पहिल्या सरी पडल्या आणि शाळा उघडण्याचा दिवस जवळ आला, म्हणजे बीडच्या, अंबाजोगाईच्या किंवा परळीच्या बाजारपेठेंत एक विशेष प्रकारची गर्दी दिसूं लागते. बियाणें व खतें घेण्यासाठीं आलेला शेतकरी थोड्या वेळानें मुलाचें बोट धरून वह्या, दप्तर, डबा आणि पाण्याची बाटली यांचे भाव विचारीत फिरतो. दोन्ही खरेद्या एकाच खिशांतून व्हावयाच्या असतात आणि दोन्ही एकाच आशेवर चाललेल्या असतात. पेरलेलें उगवावें, हीच ती आशा. यांतील दुसऱ्या खरेदीचा प्रश्न इतका क्षुल्लक दिसतो, कीं त्यावर मासिकांत निबंध लिहावा याचें पुष्कळांना हसूं येईल. सहा वर्षांच्या मुलाचें दप्तर केवढ्याचें असावें, याचा तत्त्वविचाराशीं संबंध काय? परंतु नीतिशास्त्राचे मोठे प्रश्न आपल्या घरीं क्वचितच मोठ्या वेषांत येतात. न्याय, समता, ममता, अहंकार हे शब्द आपण व्याख्यानांत ऐकतों. त्यांची खरी गांठ पडते ती दुकानाच्या फळीवर दोन डबे शेजारीं शेजारीं मांडलेले असतात आणि त्यांतला कोणता उचलावा याचा निर्णय पांच मिनिटांत करावयाचा असतो, त्या वेळीं.

या निर्णयाविषयीं आपल्या समाजांत दोन मतें रूढ आहेत. पहिलें मत काटकसरीचें. अंथरूण पाहून पाय पसरावे; शिकतें तें मूल शिकतें, दप्तर कांहीं शिकत नाहीं; यंदा गेल्या वर्षीचा डबा चालत असेल तर नवा कशाला, असें हें मत सांगतें. दुसरें मत ममतेचें. आपणांस जें मिळालें नाहीं तें मुलाला मिळावें, चारचौघांत त्याला कमीपणा वाटूं नये, आणि त्यासाठीं पोटाला चिमटा घ्यावा लागला तरी घ्यावा, असें तें म्हणतें. पहिलें मत बहुधा आजोबांच्या तोंडीं असतें, दुसरें आईच्या. आणि खिशांत हात घालून उभा असलेला बाप कधीं इकडे तर कधीं तिकडे मान हलवितो. दोन्ही मतांत सत्याचा अंश आहे. परंतु दोहोंचें एक गृहीत समान आहे, आणि आमच्या मतें तेंच दोहोंचें वैगुण्य आहे. ही खरेदी म्हणजे एक घर आणि एक मूल यांच्यापुरता खाजगी व्यवहार होय, असें दोघेहि धरून चालतात. तो तसा नाहीं, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

काटकसरीच्या पक्षाला इतिहासाचा आधार भरपूर सांपडतो. आपल्या जुन्या पंतोजींच्या शाळेंत मूल प्रथम धूळपाटीवर बोटानें अक्षर गिरवी. त्या पाटीला खर्च नव्हता आणि चूक पुसावयाला हाताचा एक फटकारा पुरे होता. पुढें दगडी पाटी आली, ती एका भावंडाकडून दुसऱ्याकडे जात राहिली. ‘दप्तर’ हा शब्दहि या दृष्टीनें मनोरंजक आहे. तो आपणांकडे अरबी-फारसींतून आला, आणि त्याचें मूळ ग्रीक भाषेंत कमावलेल्या कातड्याच्या नांवापर्यंत जातें. पेशव्यांच्या दप्तरांतील कागद फडक्यांत बांधून ठेवीत आणि त्या गांठोड्यांना रुमाल म्हणत. शाळकरी पोराचें दप्तरहि पुष्कळ काळ असेंच एक फडकें होतें. मराठवाड्यांतील आमच्या पिढीनें तर जुन्या विजारीच्या कापडाच्या आणि खताच्या रिकाम्या गोणीच्या पिशव्या खांद्याला अडकवून शाळा केली, आणि त्या पिशव्यांतून अनेक वकील, वैद्य व अध्यापक बाहेर पडले. याच जिल्ह्यांतील अंबाजोगाईस दासोपंत (१५५१–१६१५) होऊन गेले. त्यांनीं पंचीकरणासारखा गहन विषय एका लांबलचक पासोडीवर, म्हणजे अंगावर घेण्याच्या जाड कापडावर, लिहून ठेविला. ती पासोडी मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. ज्याला लिहावयाचें आहे त्याला कापडहि पुरतें, असा याचा अर्थ काढतां येईल.

तो अर्थ काढणें सोपें आहे, म्हणूनच त्याविषयीं सावध राहिलें पाहिजे. दासोपंत पासोडीवर लिहीत होते तेव्हां त्यांच्या शेजारीं गुळगुळीत कागदाची वही घेऊन बसलेला आणि त्यांच्याकडे पाहून हसणारा कोणी वर्गबंधु नव्हता. आमच्या पिढीच्या गोणीच्या पिशवीचेंहि तेंच. ती आम्हांला बोचली नाहीं याचें कारण आम्ही फार विरक्त होतों हें नव्हे. वर्गांतील बहुतेकांच्या खांद्यावर तसलीच पिशवी होती, हें होय. सर्वत्र सारखें असलेलें दारिद्र्य पोटाला जाणवतें, परंतु मान खालीं घालावयास लावीत नाहीं. एका बांकावर जेव्हां दोन भिन्न वस्तू येतात, तेव्हां लाजेचा जन्म होतो. ज्यांनीं आपल्या लहानपणच्या गरिबीच्या गोष्टी सांगून आजच्या मुलाला उपदेश करावयाचा, त्यांनीं हा भेद लक्षांत ठेवणें अगत्याचें आहे.

अर्थशास्त्राचा जनक म्हणून ज्याला आपण ओळखतों त्या ॲडम स्मिथनें आपल्या १७७६ च्या सुप्रसिद्ध ग्रंथांत हा भेद फार मार्मिकपणें ओळखला होता. जीवनावश्यक वस्तु कोणती, याचा विचार करतांना तो लिननच्या सदऱ्याचें उदाहरण घेतो. ग्रीक व रोमन लोकांना लिननवांचून कांहीं अडलें नाहीं, म्हणजे जगण्यासाठीं तो सदरा आवश्यक नाहीं. परंतु स्मिथच्या काळच्या युरोपांत एखाद्या अब्रूदार मजुरालाहि तो घातल्यावांचून चारचौघांत जाण्याची लाज वाटली असती. म्हणून तो सदरा चैनीचा न ठरतां गरजेचा ठरतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. देहाला काय लागतें एवढ्यावर गरज ठरत नाहीं. समाजांत मान वर करून वावरण्यास काय लागतें, यावरहि ती ठरते. आमच्या काळांत अमर्त्य सेन यांनीं हाच धागा पुढें नेला आणि लाजेवांचून लोकांत वावरतां येणें ही माणसाची एक मूलभूत क्षमता मानली.

ही दृष्टि घेऊन आपल्या जिल्ह्याकडे पाहावें. बीड जिल्ह्यांतून दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊंसतोडीसाठीं हजारों कुटुंबें पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात व उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. नवराबायकोच्या जोडीला त्या व्यवहारांत ‘एक कोयता’ असें म्हणतात. दोन माणसांचें नांव एका हत्याराच्या नांवांत बुडून जातें. मुकादमाकडून हंगामापूर्वीं घेतलेली उचल अंगमेहनतीनें फेडावयाची, भल्या पहाटे उठून भाकरी थापावयाची, ती फडक्यांत बांधून फडावर न्यावयाची, आणि रात्रीं कोपींत येऊन पडावयाचें, असा हा क्रम आहे. मुलांपैकीं कांहीं हंगामी वसतिगृहांत किंवा आजीआजोबांपाशीं गांवीं राहतात, कांहीं आईबापांबरोबर जातात आणि त्यांची शाळा मध्येंच तुटते. अशी एखादी बाई जून महिन्यांत बाजारांत येते आणि साधी पिशवी सोडून रंगीत चित्राचें, चकचकीत चेनींचें दप्तर मुलीसाठीं मागते. शेजारीं उभा असलेला सुशिक्षित गृहस्थ मनांत म्हणतो, “या लोकांना काटकसर म्हणून ठाऊक नाहीं.”

या गृहस्थाचा न्यायनिवाडा आम्हांला मान्य नाहीं. त्या बाईला काटकसर जितकी ठाऊक आहे तितकी त्या गृहस्थाला सात जन्मांत कळणार नाहीं. तिला हेंहि ठाऊक आहे कीं आपली मुलगी वर्षाचे चार-पांच महिने वर्गांत नसेल, परतल्यावर तिचा धडा मागें पडलेला असेल, आणि कोणी तिला फडावरची पोर म्हणून हिणवील. या सगळ्यांतील एकच गोष्ट पैशानें भरून निघण्याजोगी आहे, आणि ती म्हणजे पहिल्या दिवशीं दप्तराच्या बाबतींत तरी तिची मान खालीं जाऊं नये ही. जी वस्तु त्या गृहस्थाच्या घरीं दोन दप्तरें असतांना तिसरें म्हणून येते आणि तेथें हौस ठरते, तीच वस्तु या बाईच्या हातांत स्मिथच्या मजुराचा सदरा होते. वस्तु एक, किंमत एक. नैतिक अर्थ मात्र दोन.

येथवर ममतेच्या पक्षाची बाजू खरी ठरली असें वाटेल. परंतु विचार येथेंच थांबवला तर अर्धवट राहील. लाज ही खरी गरज आहे हें मान्य केलें, तर पुढचा प्रश्न अपरिहार्यपणें येतो: ही गरज निर्माण कोण करतो? भूक निसर्ग निर्माण करतो, थंडी ऋतु निर्माण करतो. साध्या दप्तराची लाज मात्र शेजारच्या बांकावरील महाग दप्तरानें निर्माण होते, आणि तें महाग दप्तर तेथें कोणीतरी बाजारांतून आणून ठेविलेलें असतें. त्या कोणीतरीमध्यें बहुधा आपणच असतों. शिक्षक, कारकून, व्यापारी, डॉक्टर, प्राध्यापक, म्हणजे ज्यांच्या घरीं असलीं मासिकें वाचलीं जातात तो वर्ग, आपल्या मुलासाठीं दुकानांतून जें उचलतो त्यानें वर्गांतील ‘चालण्याजोगें’ आणि ‘न चालण्याजोगें’ यांची रेषा आंखली जाते. एकानें रेषा वर सरकवली कीं दुसऱ्याला ती गांठावी लागते. तिसरा कर्ज काढून गांठतो. चौथ्याला गांठतां येत नाहीं आणि त्याचें मूल पोटदुखीचें निमित्त करून घरीं राहतें. या साखळींत पहिल्या माणसाचा हेतु अगदीं निरागस असतो. त्यानें केवळ आपल्या बाळाची हौस पुरविलेली असते. परंतु त्या हौसेची किंमत त्यानें एकट्यानें दिलेली नसते. तिचा मोठा हिस्सा ज्यांना विचारलेंहि नाहीं अशा घरांनीं भरलेला असतो.

म्हणून दप्तराची खरेदी खाजगी नाहीं. दिवाणखान्यांतील गालिचा खाजगी आहे, कारण तो पाहण्यास आपण ज्यांना बोलावतों तेच येतात. वर्ग मात्र सार्वजनिक आहे. तेथें कोणाचें मूल कोणाशेजारीं बसावें हें आपण ठरवीत नाहीं आणि ठरवूंहि नये. त्या जागेंत आपण जें पाठवितों त्याला सार्वजनिक कृत्याचे नियम लागू होतात.

हें तत्त्व आपल्या समाजाला अगदीं अपरिचित आहे असें नाहीं. शासनानें व समाजपुरुषांनीं तें अनेक ठिकाणीं आचरणांत आणलें आहे. गणवेशाचें मर्म हेंच, कीं अंगावरच्या कापडावरून बापाची मिळकत वाचतां येऊं नये. १९६७ सालीं स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळाचें, म्हणजे बालभारतीचें, पुस्तक खेड्यांतील व शहरांतील मुलाच्या हातीं तेंच असतें. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं देशांत शाळेंतील माध्यान्ह भोजनाची योजना सुरू झाली. आरंभीं आपल्याकडे मुलाला कोरडा तांदूळ मिळे; २८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजविलेलें अन्न देणें भाग पडलें. आज प्राथमिक वर्गांतील मुलासाठीं रोज १०० ग्रॅम धान्य आणि त्यांतून ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिनें असें प्रमाण ठरलेलें आहे. हे आंकडे पोटाचे झाले. परंतु व्हरांड्यांत ओळीनें बसलेल्या मुलांच्या ताटांत एकच खिचडी पडते, तेव्हां पोटापलीकडचेंहि एक काम होत असतें. घरीं काय शिजलें, शिजलें कीं नाहीं, हें तेथें कोणाला कळत नाहीं. जेथें डबा घरून न्यावा लागतो, त्या शाळांत मात्र झांकण उघडतांच घर उघडें पडतें. ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी हें आपल्या मातीचें कसदार अन्न झांकणाआड हात धरून खाणारें मूल पाहिलें, म्हणजे दोष भाकरीचा नाहीं, शेजारच्या डब्याविषयीं आपण घरांत जें कौतुकानें बोलतों त्याचा आहे, हें ध्यानांत येतें.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढें साताऱ्याच्या वसतिगृहांत निरनिराळ्या जातींच्या मुलांना एकत्र राहावयास व जेवावयास लाविलें. त्या मुलांच्या अन्नासाठीं लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रहि मोडलें. त्या त्यागाची थोरवी सर्वच गातात. आम्हांला त्यांतील दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. गरीब मुलाला केवळ दोन घांस घालावयाचे असते, तर तें वेगळ्या पंक्तींतहि करतां आलें असतें. पंक्ति एक ठेवण्याचा आग्रह होता, कारण अन्नाबरोबर मान वाढला गेला नाहीं तर तें अन्न भिक्षा होतें.

कायद्यानें पंक्ति एक करण्याचा आणखीहि एक प्रयत्न केला आहे. १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आलेल्या शिक्षणहक्क कायद्यानें खाजगी शाळांच्या प्रवेशवर्गांतील २५ टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांसाठीं ठेवण्याची तरतूद केली. त्यामुळें मजुराचें मूल सावकाराच्या मुलाशेजारीं बसूं शकतें. परंतु कायदा जागा देऊं शकतो. त्या जागेवर बसलेल्या मुलाला आपण येथले आहोंत असें वाटावें, ही गोष्ट कायद्याच्या हातीं नाहीं. ती शेजारच्या मुलाच्या घराच्या हातीं आहे.

यावर कांहीं आक्षेप येतील. कोणी म्हणेल, “माझ्या मुलाच्या आनंदावर मीं दुसऱ्यासाठीं विरजण कां घालावें?” याचें उत्तर असें, कीं मुलाचा आनंद महाग वस्तूंत असतो ही समजूत मुलाची नसून आपली आहे. पहिलीच्या मुलाला नव्या वहीचा वास, आपल्या हातानें घातलेलें जुन्या कालनिर्णयाच्या पानाचें वेष्टन आणि त्यावर लिहिलेलें आपलें नांव एवढ्यानें जो हर्ष होतो, तो कोणत्याहि दुकानांत विकत मिळत नाहीं. दुसरा कोणी म्हणेल, कीं ऐपत असून साधें घेणें हें ढोंग आहे. साधेपणा मिरविला तर तो खासच ढोंग होतो. “आम्ही मुद्दाम साधें घेतों” असें सांगत फिरणारा माणूस चकचकीत दप्तराइतकाच दुसऱ्याला खिजवीत असतो. म्हणून हें कर्तव्य मुकाट्यानें करण्याचें आहे. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: स्वस्त तें शेवटीं महाग पडतें. हें खरें आहे. परंतु टिकाऊ आणि दिखाऊ यांत आपण घोटाळा करतों. दणकट शिलाईसाठीं चार पैसे अधिक मोजणें ही काटकसरच होय. त्याच शिलाईवर चिकटविलेल्या चित्रासाठीं ऐपतदारानें दुप्पट मोजणें ही मिरवणूक होय.

मग ज्याला निवड करणें शक्य आहे त्यानें कोणत्या कसोट्या लावाव्या? पहिली कसोटी मुलाच्या देहाची. १९८९ सालीं राज्यसभेंत कादंबरीकार आर. के. नारायण यांनीं दप्तराच्या ओझ्याखालीं वांकणाऱ्या मुलांची कैफियत मांडली. १९९३ च्या यशपाल समितीच्या अहवालाचा विषयहि ओझें हाच होता, मात्र पाठीवरच्यापेक्षां न समजलेल्या धड्यांचें ओझें अधिक घातक, असें त्या समितीचें सांगणें होतें. महाराष्ट्र शासनानें २०१५ सालीं दप्तराचें वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावें असा निर्णय काढला, आणि २०२० च्या राष्ट्रीय धोरणानेंहि तेंच प्रमाण धरलें. वीस किलो वजनाच्या मुलाला दोन किलोंची मर्यादा. अर्धा लिटर पाणी भरलेली बाटलीच यांतला चौथा हिस्सा खाते; तेव्हां शाळेंत पिण्याचें पाणी चांगलें असेल तर बाटली रिकामी पाठवून तेथें भरावी. दप्तर मुळांत हलकें, दोन रुंद पट्ट्यांचें, पाठीला लागून बसणारें असावें. चाकांचें दप्तर आपल्या खडीच्या रस्त्यांवर व जिन्यांवर निरुपयोगी. डबा स्टीलचा, मुलाला आपल्या हातानें उघडतां व लावतां येईल असा आणि कोपरे धुतां येतील असा असावा.

दुसरी कसोटी काळाची: ही वस्तु पुढच्या जूनला, किंवा धाकट्या भावंडाला, चालेल काय? तिसरी कसोटी शेजाराची, आणि तीच या लेखाचें सार आहे: वर्गांतील सर्वांत गरीब मुलाशेजारीं ही वस्तु ठेविली, तर त्या मुलाला काय वाटेल? पहिल्या दोन कसोट्या शहाणपणाच्या आहेत, तिसरी न्यायाची. ज्याच्या पदरीं पैसा नाहीं त्याला ही तिसरी कसोटी लावण्याचा आपणांस अधिकार नाहीं. तो लाज चुकविण्यासाठीं खर्च करीत असतो. ज्याच्या पदरीं पैसा आहे त्यालाच ती लागू आहे.

हें काम शासनावर सोंपवून मोकळें होतां येणार नाहीं. दप्तर हलकें व्हावें म्हणून २०२३ सालीं पाठ्यपुस्तकांतच कोरीं पानें जोडण्याचा प्रयोग राज्यानें केला. मुलें वेगळ्या वह्या नेतच राहिलीं, आणि २०२५ सालीं तो प्रयोग मागें घ्यावा लागला. घरांतील चाल बदलल्यावांचून पुस्तकाची बांधणी बदलून फारसें साधत नाहीं. चाल मात्र घरेंच बदलूं शकतात, आणि ती वरच्या घरांपासून बदलते. गांवांतील दहा सुखवस्तु घरांनीं गाजावाजा न करतां आपल्या मुलांना साधें, दणकट दप्तर आणि साधा डबा दिला, तर त्या वर्गांत साधें दप्तर हें गरिबीचें चिन्ह राहत नाहीं. तें केवळ दप्तर होतें. मग ऊंसतोडीहून परतलेल्या त्या बाईलाहि चित्राच्या दप्तरासाठीं उचलींतून पैसे काढावे लागणार नाहींत, कारण विकत घेऊन चुकविण्याजोगी लाजच तेथें उरणार नाहीं. दानानें एका मुलाला एक दप्तर देतां येतें. संयमानें सबंध वर्गाची मान वर ठेवतां येते. दानाची पावती मिळते, नांव छापून येतें. या संयमाचा पत्ता कोणाला लागत नाहीं. ज्या मुलासाठीं तो केला त्याला तर मुळींच लागत नाहीं, आणि लागूं नये.